गोष्ट सांगताना मध्येच ब्लँक झाले, पुढच्या रविवारी परत जाऊ का?

गवतीचहा

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पण आज लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही.

आम्ही घोडबंदर रोडला राहतो. सोसायटीत दरवर्षी २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनाचा कार्यक्रम असतो, म्हणजे लेझीम, दोन कविता, एक नाच आणि बटाटेवडे. यंदा कमिटीतल्या एका काकूंनी मला धरलं, तू पोरांना गोष्टी छान सांगतेस, स्टेजवर सांग एक. मी हो म्हणून बसले. गोष्ट निवडली ठाण्याला आलेल्या पहिल्या आगगाडीची. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदरहून निघालेली, १४ डबे, चारेकशे पाहुणे, २१ तोफांची सलामी आणि ओढायला तीन इंजिनं. मस्त "आटपाट नगर होतं, त्याचं नाव ठाणं" अशा थाटात बांधली होती.

लिहून काढली साडेचार पानं आणि शब्द न शब्द पाठ केली. तीन आठवडे रोज रात्री ओटा आवरून झाला की बेडरूमचं दार लावून मोबाइलवर रेकॉर्ड करायचे, एक "म्हणजे" जास्तीचा आला तरी परत पहिल्यापासून. नवरा हॉलमध्ये झोपायला लागला हो शेवटी.

त्या दिवशी सुरुवात एकदम झक्कास. इंजिनांची नावं आली. साहिब, सिंध आणि... गेलं. म्हणजे पूर्ण गेलं. समोर दीडेकशे माणसं, मागून वड्यांचा वास आणि माइकमधून माझाच श्वास ऐकू येतोय. किती वेळ गेला देव जाणे. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून शेजारच्या फ्लॅटमधला सात वर्षांचा मुलगा ओरडला, "सुलताऽऽन!" सगळे हसले. नंतर कळलं की त्याच्या खोलीत आणि आमच्या बेडरूममध्ये एकच भिंत, बिचाऱ्याला तीन आठवडे झोपताना माझीच गोष्ट ऐकू येत होती.

त्यानंतर तिसरं पान डोळ्यासमोर येईचना. मग जे सुचेल ते सांगत सुटले, इंजिनांचा विषय निघाला की पोरंच कोरसमध्ये नावं घ्यायला लागली, मी आयत्या वेळी गाडी खाडीवरच्या पुलावरून धडधडवत ठाण्यात आणली आणि संपवलं एकदाचं. टाळ्या पडल्या, पण मला माहितीय ना काय काय राहिलं ते. व्हिडिओ बघितला तर "म्हणजे" अकरा वेळा आणि एकदा इंजिनं ऐवजी चक्क "इंजेक्शनं". रात्रभर डोळा नाही.

आता ऐरोलीच्या एका वाचनालयाने हीच गोष्ट मुलांना सांगायला बोलावलंय, पुढच्या रविवारी. जाऊ का नको? तुमच्यापैकी कोणाचं असं झालंय का?

नौपाड्याचा_नाटक्या

अगं जा की! इंजेक्शनं वाचून चहा सांडला माझा.

हौशी नाटकात वीसेक वर्षं घालवली (स्टेजवर कमी, विंगेत जास्त) त्यावरून सांगतो. नाटकात फंबल झालं तर पंचाईत असते कारण समोरचा नट तुझ्या शेवटच्या शब्दाची वाट बघत उभा असतो, त्याला क्यू मिळाला नाही की तोही लटकतो. म्हणून आम्ही विंगेत वही घेऊन प्रॉम्प्टिंगला बसायचो. गोष्टीत तुझ्याशिवाय कोणी अडत नाही. पुढचं वाक्य कुठलं होतं हे फक्त तुला माहीत, प्रेक्षकांकडे काय संहिता दिलेली नव्हती. अकरा "म्हणजे" तू मोजलेस, खाली बसलेल्यांनी वडे मोजले.

आणि तुला तर प्रॉम्प्टर प्रेक्षकांतच मिळाला, तोही तीन आठवडे तालीम केलेला. अजून काय पाहिजे?

तिन्हीसांजा

वाचनखूण साठवली. मुलाला माझ्याकडून एक चॉकलेट.

बुक्का_आणि_हार

माझे आजोबा नारदीय कीर्तन करायचे. आधी पूर्वरंगात एका अभंगाचं निरूपण, मग नामस्मरण, बुक्का, हार आणि मग उत्तररंगात आख्यान. दीड-दोन तास उभ्याने, हातात कागद नाही. वय झाल्यावर श्लोक विसरायचे. विसरले की चिपळ्या वर आणि "विठ्ठल विठ्ठल विठ्ठल", सगळं देऊळ गजरात. आम्हाला वाटायचं आजोबांना भाव आवरत नाहीये. पेटीवाले काका एकदा मला हळूच म्हणाले, तिसऱ्यांदा विठ्ठल लावलाय ना, म्हणजे श्लोक अजून सापडला नाहीये.

म्हणजे बघा, ज्यांनी हा प्रकार शेकडो वर्षं केला त्यांनी विसरण्याची सोय आधीच करून ठेवलीय. वारकरी कीर्तनात तर मागे टाळकरी उभेच असतात, महाराजांनी अर्धा चरण म्हटला की उरलेला ते उचलतात. एकट्याने सगळं तोंडपाठ ओकायचं हे आपल्या शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेने शिकवलं, गोष्टीवाल्यांनी नाही.

गवतीचहा, तुम्ही त्या पोराला टाळकरी म्हणून ऐरोलीला घेऊन जा :)

खडूस_काका

थोडं थंड पाणी ओततो, राग मानू नका.

सगळे "चुकलं तरी चालतं" म्हणतायत, ठीक आहे. पण हल्ली हे वाक्य तयारी न करणाऱ्यांचं हत्यार झालंय. आमच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर दर महिन्याला कोणीतरी उभं राहतं, "मी काही तयारी केलेली नाही, मनापासून दोन शब्द बोलतो" म्हणतं आणि मग चाळीस मिनिटं. मन मोकळं होतं त्यांचं, आमच्या कमरेचा काटा ढिला होतो. मिरासदार, शंकर पाटील आणि माडगूळकर तिघं मिळून गावोगाव कथाकथन करायचे ते काय असेच उठून उभे राहायचे का? सहज वाटायचं त्यामागे घासणं होतं.

या बाईंनी तीन आठवडे मेहनत केलीय म्हणून त्यांचं अडखळणं लोकांनी झेललं. मेहनत नसती तर सुलतान म्हणायला कोण होतं?

नौपाड्याचा_नाटक्या

काका, शेवटच्या वाक्याला उभं राहून टाळ्या. मेहनत नसती तर भिंतीपलीकडच्याला तरी कसं पाठ झालं असतं!

वाशीची_मानसी

कॉलेजात मानसशास्त्र शिकवते, त्यामुळे राहवत नाही. खडूस काका जे म्हणतायत त्यावर प्रत्यक्ष प्रयोग झालाय. १९६६ मध्ये अमेरिकेत एलियट अ‍ॅरनसन आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना टेप ऐकवल्या. त्यात एक जण प्रश्नमंजुषेत जवळपास सगळी उत्तरं बरोबर देतो आणि शेवटी स्वतःच्या अंगावर कॉफी सांडतो. कॉफी सांडल्यावर तो लोकांना आधीपेक्षा जास्त आवडला. पण दुसऱ्या टेपमध्ये ज्याची उत्तरं बेताचीच होती त्याने कॉफी सांडली तर तो आणखी कमी आवडला. म्हणजे कॉफी सगळ्यांनाच माफ नाही, काकांचा मुद्दा बरोबर.

दुसरं, ती रात्रभरची तळमळ. २००० साली थॉमस गिलोविच आणि मंडळींचा एक अभ्यास आला, त्यात विद्यार्थ्यांना एका गायकाचं चित्र असलेला, घालायला लाज वाटेल असा टीशर्ट घालून भरल्या खोलीत पाठवलं. घालणाऱ्यांना वाटलं निम्म्या लोकांच्या तरी लक्षात आला असेल, प्रत्यक्षात चौथाई लोकांच्याही जेमतेम आला होता. तुझे अकरा "म्हणजे" हा तुझा टीशर्ट आहे गं. आणि प्लीज तो व्हिडिओ परत बघू नकोस, आपला आवाज आपल्याला कधीच आवडत नाही.

८_१७_ची_स्लो

मी पण दोन-चार ठिकाणी मुलांना गोष्टी सांगतो, माझी पद्धत सांगू का. मला वाक्यं पाठच होत नाहीत, म्हणून मी फक्त स्टेशनं पाठ करतो. ठाणे, कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली. या गोष्टीत अमुक सात जागी थांबायचंच, क्रम चुकवायचा नाही. मधल्या रुळावर काय दिसेल ते दिसेल, एखाद दिवशी खाडी, एखाद दिवशी समोरच्या डब्यातली भांडणं. साडेचार पानं पाठ केली की एक शब्द निखळला तर अख्खी गाडी रुळावरून उतरते, कारण पुढचं वाक्य मागच्या वाक्याला कपलिंग लावून जोडलेलं असतं. स्टेशनं पाठ असली तर फार तर काय, मुंब्र्याला जरा जास्त वेळ थांबते. लोकांना सवय आहे.

फक्त पहिलं आणि शेवटचं वाक्य मात्र मी घोटून पाठ करतो. चढायला आणि उतरायला. शेवटचं ठरलेलं नसलं की खडूस काकांचे चाळीस मिनिटवाले होतात.

बुक्का_आणि_हार

स्लोसाहेब, तुम्ही नकळत मोठ्या परंपरेत बसता. १९३० च्या दशकात मिलमन पॅरी नावाचा अमेरिकन अभ्यासक युगोस्लाव्हियात हिंडला, सोबत त्याचा सहायक आल्बर्ट लॉर्ड. तिकडे गुस्ले नावाच्या एकतारी वाद्यावर हजारो ओळींच्या वीरकथा गाणारे लोक होते, बरेचसे निरक्षर. त्यांना विचारलं तर छातीठोक सांगायचे की मागच्या वेळी गायलो तेच शब्द, एकही इकडचा तिकडे नाही. रेकॉर्डिंग शेजारी ठेवून बघितली तर शब्द वेगळे, लांबी वेगळी. खोटं बोलत नव्हते ते. त्यांच्या लेखी "तेच" म्हणजे तीच गोष्ट, तेच टप्पे, ठरलेल्या जोडओळी. आपल्याकडे "आटपाट नगर होतं" किंवा "साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण" आहे ना, तसं. तेवढं पक्कं, मधलं सांगणारणीच्या हातात.

(अवांतर: आमच्याकडे श्रावणी शुक्रवारी कहाणी सांगताना आजी वाटेत दूध उतू जायला आलं की उठून जायची आणि परत येऊन दोन वाक्यं मागून सुरू करायची. हातातल्या अक्षता तशाच मुठीत धरून आम्ही बसायचो. कोणाला त्यात काही चुकलंय असं वाटायचं नाही.)

बालवाडीतली_ताई

छान चाललंय पण एका गोष्टीला माझा विरोध. मोठ्यांना चालतं, लहान मुलांना नाही चालत! तीन-चार वर्षांच्या मुलांना मी काल म्हातारी लाल भोपळ्यात बसवली आणि आज नुसतं भोपळ्यात म्हटलं तर लगेच "ताई, लाऽऽल!" त्यांना शब्द न शब्द तोच हवा असतो, त्यातच त्यांची मजा असते. सात-आठ वर्षांच्या पुढे मग बदल चालतात, उलट मुद्दाम चुकवलं की खूश होतात.

आता माझी तर ट्रिकच झालीय. कोणी लक्ष देत नसेल तर मी म्हातारीला लेकीकडे न पाठवता डायरेक्ट डीमार्टला पाठवते. अख्खा वर्ग जागा होतो.

म_म_मी

नाव वाचून कळलं असेलच. मी लहानपणापासून अडखळत बोलतो, म्हणजे तोतरेपणा म्हणतात तो. महापेला नोकरी करतो, तिथे मीटिंगमध्ये शक्यतो टाइप करून भागवतो.

वरचं सगळं वाचताना गंमत वाटली आणि थोडं लागलंही, कारण तुमचं अडखळणं एका संध्याकाळचं आहे. लोक हसले, प्रेमाने घेतलं, कारण एरवी तुम्ही नीट बोलता हे त्यांना दिसत होतं. माझं पहिल्याच अक्षराला सुरू होतं. मग समोरचे लोक मदत म्हणून शब्द पुरवतात, आणि बहुतेक वेळा चुकीचा पुरवतात.

मुलीला रोज रात्री गोष्ट सांगतो. मला क आणि ग जड जातात. ती पाच वर्षांची असताना एकदा म्हणाली, बाबा तुझ्या गोष्टीत कोल्हा का नसतो? सगळ्यांच्या गोष्टीत असतो. मला स्वतःलाच माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी कोल्ह्याचा लांडगा करत होतो, करकोचा बगळा झाला होता, गाढव तर माझ्या जंगलातून कधी गेलंच नव्हतं. त्या रात्री कोल्ह्याची गोष्ट सांगितली. पहिला कोल्हा बाहेर यायला किती वेळ लागला असेल सांगता येत नाही, ती उशीवर हनुवटी ठेवून माझ्या तोंडाकडे बघत होती. आला तेव्हा म्हणाली, हा खूप लांबून आला ना?

गाताना माझं अडत नाही, हे अडखळणाऱ्या बऱ्याच जणांचं असतं. म्हणून आता गोष्टीत मध्ये मध्ये एखादी ओळ चालीवर घेतो. पण कोल्हा बोलूनच सांगतो.

गवतीचहा, तुम्ही जाच. फक्त एक विनंती, समोर कोणी मूल अडखळत काही विचारायला लागलं तर त्याचा शब्द पूर्ण करू नका.

तिन्हीसांजा

लांबून आला ना... ऑफिसात बसून वाचतेय, डोळे पुसायला कारण काय सांगू आता.

खडूस_काका

म_म_मी, नमस्कार घ्यावा. माझं थंड पाणी तुमच्यासाठी नव्हतं.

खारेगावचा_पक्या

सगळे भावुक झालेत, सॉरी, पण कोणाच्याच कसं लक्षात नाही आलं? ओ ताई, तुम्ही गाडी खाडीवरच्या पुलावरून ठाण्यात आणली?? बोरीबंदरहून ठाण्याला येताना खाडी लागतच नाय. खाडी ठाणा स्टेशन सोडलं की पुढे, ठाणे आणि कळव्याच्या मध्ये. त्या पहिल्या दिवशी गाडी ठाण्यातच थांबली, कल्याणपर्यंत लाइन गेली १८५४ ला. म्हणजे तुमची गाडी पूल बांधून व्हायच्या आधीच पुलावरून आली आणि ती पण आमच्या साइडने!!

आमचं अख्खं लहानपण त्या पुलाच्या आवाजात गेलंय म्हणून डोक्यात गेलं जरा. बाकी "म्हणजे" शंभर वेळा म्हणा, आपली काय हरकत नाय. आमच्या आत्या धवलारीण, म्हणजे लग्नात धवले (लग्नाची गाणी) म्हणतात. त्या पण ओळ मागे पुढे करतात, बाजूच्या बाया धरून घेतात. पण नवऱ्या मुलीच्या बापाचं नाव चुकलं तर मांडवात भांडण होतं. चुका सगळ्या सारख्या नसतात.

गवतीचहा

अरे देवा. पक्या दादा, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. तीस वर्षं ठाण्यात राहतेय, रोज नाही तरी आठवड्यातून एकदा त्या पुलावरून जाते. दीडशे माणसांपैकी एकाने सांगितलं नाही! आणि मी "म्हणजे" मोजत बसलेय.

वाशीची_मानसी

बघ, टीशर्ट तर टीशर्ट, पूलसुद्धा कोणाला दिसला नाही.

नौपाड्याचा_नाटक्या

पण पक्याचा मुद्दा सोडू नका. अडखळणं, विसरणं, इंजेक्शनं हे सांगणाऱ्याचं आहे, ते तिथल्या तिथे विरून जातं. चुकीची माहिती ऐकणाऱ्याच्या घरी जाते. सोसायटीतली चाळीस पोरं आता शाळेत जाऊन गाडी खाडीवरून आणणार. ती दुरुस्त करायलाच हवी, आणि माझं मत विचाराल तर चोरून नाही, उघड. ऐरोलीत सुरुवातच त्याने कर ना.

खारेगावचा_पक्या

मामलेदारची मिसळ माझ्याकडून, पूल जागेवर ठेवलात तर.

गवतीचहा

अपडेट. रविवारी जाऊन आले. लांबतंय पण सगळ्यांनी इतकं लिहिलंत म्हणून सविस्तर.

यावेळी पानं नेलीच नाहीत. स्लोसाहेबांसारखी सात स्टेशनं केली होती, हातावर पेनाने पहिली अक्षरं लिहिली, ती घामाने पुसली गेली ते वेगळं. पस्तीस-चाळीस मुलं, सतरंजीवर, दोन आज्या खुर्चीवर. शेजारचा मुलगा (आता त्याला सगळे सुलतानच म्हणतात) हट्टाने बरोबर आलेला.

पहिलंच वाक्य म्हटलं, मुलांनो, मागच्या वेळी ही गोष्ट सांगताना मी एक मोठ्ठी चूक केली होती, गोष्टीत ती जागा आली की सांगेन, तोपर्यंत तुम्ही ओळखा. बास. त्यानंतर जी शांतता पसरली ती मला तीन आठवड्यांच्या पाठांतराने मिळाली नव्हती. प्रत्येक वाक्याला हात वर. "तोफा २१ नव्हत्या?" होत्या. "१४ डबे नव्हते?" होते रे बाबा. एक जण म्हणाला इंजिनाला नाव नसतंच, त्याला सुलतानने परस्पर गप्प केलं. गाडी ठाण्याला पोचली आणि मी विचारलं, आता खाडी कुठे लागली? एक मुलगी दुसऱ्या रांगेत, बहुतेक कळव्याची असावी, उभीच राहिली. "लागणारच नाही! खाडी नंतर आहे!" मी म्हटलं हीच ती चूक. अहो, तिचा चेहरा बघायला हवा होता.

मग मुलांनी विचारलं की ती गाडी पुढे का नाही गेली. मी म्हटलं पूल झाला नव्हता, पुढच्या वर्षी गेली कल्याणला. हे माझ्या साडेचार पानांत नव्हतंच, पक्या दादामुळे आलं.

बाकी गडबडी झाल्याच. पाचवं स्टेशन विसरले, सहाव्यावरून मागे आले, मुलांना सांगितलं थांबा गाडी रिव्हर्स घेतेय. शेवटच्या वाक्याच्या वेळी खाली भंगारवाला ओरडत गेला, त्यामुळे शेवट कोणाला नीट ऐकूच आला नाही, परत म्हटला. एक मुलगा अडखळत काहीतरी विचारत होता, बराच वेळ लागला त्याला. म_म_मी, तुमचं आठवलं, गप्प बसले. त्याला विचारायचं होतं की गाडीत ड्रायव्हरला भीती वाटली असेल का. मला उत्तर आलं नाही, तसंच सांगितलं. मग त्यावर मुलांचंच दहा मिनिटं चाललं.

व्हिडिओ काढू दिला नाही.

म_म_मी

:)

खडूस_काका

एकूण किती मिनिटं?

गवतीचहा

काका, पंचवीस! घड्याळ लावून.

आता एक नवीनच. काल सुलतानची आई बेल वाजवून विचारत होती, रात्रीची गोष्ट बंद केली का हो, हा झोपत नाहीये. मी म्हटलं नाही, पुढच्या महिन्याची तयारी चालू आहे की. तर मागून तो म्हणतो, "काकू आता नुसती नावं घेते. तलाव, घंटा, हत्ती, पाऊस. त्याच्यात काय झालं तेच सांगत नाही."

खारेगावचा_पक्या

हत्ती कुठे आणताय ताई, आधी मला विचारा.